विहिरीची वही : खाणीशेजारचं पाणी मोजायचं कसं?

'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?' ही म्हण आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण आडात आज नक्की किती आहे आणि गेल्या वर्षी याच दिवशी किती होतं, असं विचारलं की गावात सगळे एकमेकांकडे बघतात. मित्रहो, हा लेख त्या न लिहिलेल्या आकड्याबद्दल आहे.

मी दौंड तालुक्यातला, भीमाकाठचा. आमच्याकडे ग्रामसभेत एक भांडण दरवर्षी उन्हाळ्यात ठरलेलं. एक बाजू म्हणते, "खाणीमुळं विहिरी आटल्या." दुसरी म्हणते, "पाऊसच झाला नाही, खाणीचा काय संबंध?" आवाज चढतात, चहा होतो, सभा संपते. दोन्ही बाजूंकडे आकडा नसतो, त्यामुळे ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो आणि विहीर हरते. साहेबांकडे अर्ज नेला तर ते विचारतात, "पुरावा काय?" प्रश्न रास्त आहे. हा पुरावा तयार करायला लागणारं सामान आपल्या सर्व्हे लॅबमध्ये धूळ खात पडलेलं आहे! म्हणून अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्ही चौघांनी विहिरींची पातळी मोजण्याचा विषय घेतला. त्यातून शिकलेलं इथे सगळ्यांना उपयोगी पडेल अशा भाषेत मांडतो. मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरवाल्यांनी पान उलटू नये, कारण तुमच्याही गावात विहीर आहेच.

आपल्या भागातल्या उघड्या खाणी

खाण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झारियाचा कोळसा किंवा कोलारचं सोनं येतं. शिरूर-दौंडमध्ये बोगद्यांच्या खाणी नाहीत. इथे जमिनीवरून खोदत जाणाऱ्या उघड्या खाणी आहेत आणि त्या दोन प्रकारच्या. पहिली दगडखाण : काळा पाषाण सुरुंगाने फोडायचा, क्रशरवर खडी करायची. दुसरी म्हणजे नदीपात्रातला वाळूउपसा. वाळूला कुणी खाण म्हणत नाही, पण कायद्याने तेही गौण खनिजच, आणि पाण्याच्या दृष्टीने तर ती जास्त नाजूक खाण.

भूगोल थोडक्यात सांगतो. भीमेच्या उत्तरेला शिरूर, दक्षिणेला दौंड. रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते. शिरूरच्या अंगाने घोड नदी येते. शिरूर गावाला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. दौंडच्या खालच्या अंगाला उजनीचं बॅकवॉटर. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे, म्हणजे पर्जन्यछायेतला मुलूख. घोडकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं, तेव्हा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत पाण्याचा पाट आणि बांध सापडला. म्हणजे इथे पाण्याचा हिशोब ठेवण्याची गरज आपल्याला आज पडलेली नाही.

खडकात पाणी राहतं कुठे?

आपल्या पायाखाली बेसॉल्ट आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरांवर थर. अखंड काळ्या पाषाणात पाणी जवळजवळ नसतंच. ते असतं वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत, बारीक भोकांच्या थरात आणि दोन थरांच्या सांध्यात. नदीकाठी याच्यावर गाळ, पोयटा आणि वाळू.

भिजलेल्या खडकाच्या एकूण घनफळाच्या मानाने उपशाने किती पाणी हाताशी येतं, याचं प्रमाण भूजल अंदाजाच्या केंद्रीय पद्धतीत दिलेलं आहे (२०१५ ची सुधारित पद्धत). झिजलेल्या बेसॉल्टसाठी साधारण २ टक्के, वाळूच्या गाळासाठी १६ टक्के. एवढे दोनच आकडे लक्षात ठेवा, व्हायवात उपयोगी पडतील.

आता हिशोब. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर एक मीटर जाडीची भिजलेली वाळू असेल, तर हाताशी येणारं पाणी १०,००० गुणिले ०.१६, म्हणजे १,६०० घनमीटर : सोळा लाख लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरने दोन हजार वस्तीच्या गावाला रोज १ लाख १० हजार लिटर लागतात. म्हणजे ही वाळू गावाचं चौदा दिवसांचं पाणी सांभाळून होती. तेवढ्याच जाडीच्या मुरमात फक्त दोन लाख लिटर.

ब्रासमध्ये सांगतो, कारण बांधकामावर भाषा तीच. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. त्यात साठू शकणारं पाणी साडेचारशे लिटर. आपण १:२:४ चं प्रमाण पाठ करतो. त्या प्रमाणात एक घनमीटर काँक्रीटला साधारण ०.४४ घनमीटर वाळू लागते. शंभर घनमीटरचा स्लॅब टाकला की सुमारे साडेपंधरा ब्रास वाळू, म्हणजे कुठल्यातरी नदीतली सात हजार लिटरची टाकी उचलून आणली. एस्टिमेटिंगच्या पेपरात हा कॉलम नसतो!

यावर कुणी म्हणेल, "वाळू काढली तर खड्डा झाला, खड्ड्यात तर जास्तच पाणी मावेल." प्रश्न बरोबर आहे. पण उघड्या खड्ड्यातलं पाणी उन्हाने उडतं आणि तळाशी चिखल बसला की मुरणं मंदावतं. वाळूतलं पाणी मात्र झाकलेलं असतं. शिवाय पात्र खोल गेलं की नदीतली पातळी खाली जाते, काठच्या विहिरीतून नदीकडे उतार वाढतो आणि विहिरीचं पाणी नदीकडे ओढलं जातं. दगडखाणीत खोदकाम पाण्याच्या पातळीखाली गेलं की खड्ड्यात पाणी झिरपतं. काम चालू ठेवायला पंप लावून ते उपसतात. तेव्हा ती खाणच एक भलीमोठी विहीर होते आणि शेजारच्या विहिरींशी स्पर्धा करते.

विहिरी निवडताना

खाणीच्या बांधालगतची एक विहीर मोजून काही सिद्ध होत नाही. आम्ही जे नियम ठरवले ते असे :

१) खाणीपासून वाढत्या अंतरावर विहिरी घ्याव्यात : साधारण १००, २५०, ५०० मीटर, मग एक किलोमीटर. आणि त्या चारही दिशांना, निदान वरच्या व खालच्या अंगाला तरी.

२) खाणीचा परिणाम पोचणार नाही इतक्या लांबच्या दोन-तीन विहिरी तुलनेसाठी घ्याव्यात. त्यांचा खडक तोच, पीक तेच, कालव्यापासून अंतरही सारखंच हवं. ही तुलनेची विहीर म्हणजे या सगळ्या अभ्यासाचा कणा.

३) प्रत्येक विहिरीची पत्रिका करावी : खोली, व्यास, कुठपर्यंत बांधलेली आहे, पंप किती हॉर्सपॉवरचा, आत आडवे-उभे बोअर मारलेत का, भोवती ऊस किती.

४) खाण सुरू व्हायच्या आधीचं किमान एक पूर्ण वर्ष मोजलेलं असावं. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच सहसा नसतं.

मग आधीचं मोजमाप नसेल तर? इथे एका आजोबांनी आम्हाला धडा दिला. आम्ही कठड्यावरून टेप सोडत होतो. ते म्हणाले, "काय रं पोरांनो, हिरीत काय पडलं का?" आम्ही सांगितलं, "नाही आजोबा, पाणी मोजतोय." ते हसले. "त्याला फीत कशाला? पायऱ्या मोजा की. पूर्वी दिवाळीला सात पायऱ्या उघड्या असायच्या, शिमग्याला बारा." आम्ही पायरीची उंची घेतली, सरासरी २२ सेंटिमीटर. म्हणजे आजोबांच्या आठवणीत दिवाळी ते शिमगा पाच पायऱ्यांचा, १.१० मीटरचा उतार नोंदलेला होता! आठवण म्हणजे मोजमाप नव्हे, कोर्टात ती तेवढ्यावर टिकणार नाही. पण चार घरांत स्वतंत्रपणे विचारून जुळली तर वहीच्या पहिल्या पानावर 'सांगीव माहिती' म्हणून लिहिण्याजोगी नक्कीच आहे.

मोजायचं कसं?

विहिरीच्या कठड्यावर एक जागा कायमची ठरवून रंगाने खूण करा. हा मापनबिंदू. दर वेळी तिथूनच मोजायचं, माणूस बदलला तरी. कठड्याची जमिनीपासून उंची एकदा मोजून ठेवा. समजा खुणेपासून पाणी ९.८५ मीटरवर आणि कठडा ०.७५ मीटर उंच, तर जमिनीपासून पाणी ९.१० मीटर खोल.

साधन साधं आहे. स्टीलचा टेप, टोकाला वजन, आणि शेवटच्या मीटरभर भागाला खडू फासायचा. टेप एका पूर्ण आकड्यापर्यंत सोडायचा, समजा १२.०० मीटर. वर काढला की खडू जिथपर्यंत भिजून काळपट झाला ते वाचायचं, समजा ०.३७. पाण्याची खोली १२.०० वजा ०.३७, म्हणजे ११.६३ मीटर. दोनदा मोजा, एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा. बोअरसाठी पाण्याला टेकताच बझर वाजणारा साउंडर मिळतो. खर्च झेपत असेल तर आपोआप नोंद घेणारा प्रेशर लॉगर विहिरीत सोडता येतो. मात्र तो हवेचाही दाब मोजत असेल तर तो वजा करावा लागतो, कारण हवेच्या दाबातला एक मिलिबार फरक पाण्याचा जवळपास एक सेंटिमीटर दाखवतो.

खरी गोम वेळेची. पंप चालू असताना किंवा नुकताच बंद झाल्यावर मोजलेला आकडा विहिरीचा नसून पंपाचा असतो. आपल्याकडे थ्री-फेज लाइट आली की सगळे पंप एकदम सुरू. म्हणून आधी वेळापत्रक विचारून घ्या, पंप बंद झाल्यावर निदान आठ-दहा तासांनी, शक्यतो पहाटे मोजा, आणि 'पंप शेवटचा कधी चालला' हा रकाना कधीही मोकळा ठेवू नका. शेजारच्या विहिरीचा पंप चालू असेल तर तेही लिहा.

आता सिव्हिलवाल्यांचं काम. सगळ्या मापनबिंदूंची पातळी ऑटो लेव्हलने एकाच बेंचमार्कवरून काढा. मोबाईलमधल्या जीपीएसची उंची कित्येक मीटर चुकते, आणि आपल्याला सेंटिमीटर हवे आहेत. समजा बेंचमार्क १००.००० धरला, खूण १०१.२५० वर आणि पाणी तिच्याखाली ९.८५० मीटर. मग पाण्याची पातळी ९१.४००. खाणीचा तळ ८८.००० वर असेल तर खाण पाण्याच्या पातळीखाली ३.४० मीटर गेली आहे. आणि तळ ९५ वर असेल, भोवतीच्या सगळ्या विहिरींचं पाणी त्याच्या खाली असेल, तर ती खाण तूर्त पाणी ओढत नाही हेही तितक्याच स्पष्टपणे लिहायचं. वही कुणाच्या बाजूची नसते. अशा तीन विहिरींच्या पातळ्या नकाशावर मांडल्या की पाणी जमिनीखालून कुठल्या दिशेला वाहतंय तेही कळतं.

किती वेळा मोजायचं? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, जिचं मुख्यालय पुण्यातच आहे, आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते : जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. सगळ्या राज्याच्या चित्रासाठी ते पुरेसं आहे. खाणीशेजारी मात्र दर महिन्याला, आणि फेब्रुवारी ते जून दर पंधरा दिवसांनी मोजलेलं बरं. सोबत पावसाची नोंद आणि खाणीतला पंप किती तास चालला याचीही.

आकडे वाचायचे कसे?

खालचे आकडे समजण्यासाठी मी स्वतः धरलेले आहेत, कुठल्या गावाचे नाहीत. खाणीच्या आधीच्या वर्षी जवळच्या विहिरीत ऑक्टोबरला पाणी ४.२० मीटरवर, मे महिन्यात ९.६० वर. उतार ५.४०. त्याच वर्षी तुलनेच्या विहिरीत ३.८० वरून ८.४०, उतार ४.६०.

खाण सुरू झाल्यावर जवळची विहीर ४.५० वरून ११.७० वर गेली, उतार ७.२०. तुलनेची ४.०० वरून ९.२०, उतार ५.२०.

जवळच्या विहिरीचा उतार १.८० मीटरने वाढला. ग्रामसभेत हाच आकडा ओरडून सांगितला जाईल. पण तुलनेच्या विहिरीचाही ०.६० ने वाढलाच की! तेवढा वाटा कमी पावसाचा आणि वाढत्या उपशाचा. उरला १.२० मीटर, आणि संशय घ्यायचा तो एवढ्यावरच. हा १.२० सुद्धा एका विहिरीवर शाबीत होत नाही. अंतर वाढेल तसा तो कमी होत गेला पाहिजे, खाणीतला पंप बंद असताना घटला पाहिजे, आणि दुसऱ्या वर्षीही दिसला पाहिजे. हे तिन्ही जुळलं तर "पाऊस कमी झाला" हे उत्तर पुरत नाही.

लगेच खापर फोडू नका

आपल्या भागात पातळी हलवणारी इतर कारणं भरपूर आहेत. खडकवासल्याचा कालवा दौंड तालुक्यातून जातो. आवर्तन सुटलं की काठच्या विहिरी आठवड्यात वर येतात. शिरूरमध्ये चासकमान आणि घोडचे कालवे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे ढापे टाकले की वरच्या अंगाचं पाणी चढतं, काढले की उतरतं. शेजाऱ्याने तीनशे फुटांचा नवा बोअर मारला, उसाचं क्षेत्र वाढलं, हे सगळं वहीत तारखेसह हवं. नाहीतर आवर्तनाचं पाणी बघून "खाणीने काही झालं नाही" असं आणि आवर्तन लांबलं की "खाणीनेच झालं" असं, दोन्हीकडून आपण फसू.

जगात हे काम मोठ्या प्रमाणावर होतं. जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेला लिग्नाइट कोळशाच्या अजस्र उघड्या खाणींसाठी भूजल उपसावं लागलं, तेव्हा १९५८ मध्ये कायद्याने 'एर्फ्टफरबांड' नावाची संस्थाच पाण्याचा हिशोब ठेवायला काढली. आपल्या शेजारी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या शिरगावला लोहखनिजाच्या खाणींमुळे विहिरी आटल्याची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली.

कागद कुठे मिळतो?

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या प्रकरणात गौण खनिजाच्या पाच हेक्टरपेक्षा लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. नदीपात्रात ३ मीटर किंवा पाण्याची पातळी, जे आधी लागेल त्याखाली जायचं नाही, ही वाळूच्या मंजुरीतली नेहमीची अट. खाणींच्या अनेक मंजुरीपत्रांत भोवतीच्या विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजण्याची अट असते, आणि २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यावा लागतो. तो सार्वजनिक कागद आहे, माहितीच्या अधिकारात मागता येतो. पण त्यातले आकडे खरे की खोटे हे पडताळायला गावाची स्वतःची वही असावी लागते. नाहीतर आलेला कागद आपण नुसता वाचणार आणि घडी घालून ठेवणार.

चार सूचना जिवाच्या

मालकाला विचारल्याशिवाय विहिरीजवळ जाऊ नका. कठडा नसलेल्या विहिरीवर एकट्याने वाकू नका. विहिरीत उतरायचं तर नाहीच, आत वायू साचलेला असू शकतो. सुरुंगाच्या वेळेत दगडखाणीच्या आसपास फिरू नका. आणि बेकायदा वाळूउपसा चालतो तिथे फोटो काढण्याचं धाडस करू नका. महसूल खात्याने भीमेतल्या बोटी उडवल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तो धंदा कसा आहे ते त्यावरून ओळखा. आपलं काम विहिरीच्या काठावर आहे, तिथून हलायची गरज नाही.

शेवटी एक विनंती. आपल्या हॉस्टेलमध्ये शिरूर, दौंड, श्रीगोंदा, इंदापूर, बारामती इकडची कितीतरी मुलंमुली आहेत. दिवाळीच्या सुट्टीत घरी जालच. एक टेप, एक खडू आणि दोनशे पानी वही सोबत न्या. घरची एक विहीर आणि लांबची एक, अशा दोन विहिरींवर खूण करा आणि पहिला आकडा तारखेसह लिहा. तुम्ही इकडे असताना घरचं कुणीही, अगदी सातवीतली बहीणसुद्धा, महिन्यातून एकदा मोजू शकते. आमच्या सरांनी सर्व्हे लॅबमधली लेव्हल सुट्टीत न्यायला परवानगी द्यायचं कबूल केलं आहे. इतर विभागांच्या सरांनीही मनावर घ्यावं. तुमच्या शिवारात खाण येईल किंवा येणार नाही. पण आली तर आधीचं वर्ष मागाहून मोजता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

— अंतिम वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी